किनाऱ्यावरचं पहिलं फील्डवर्क: कोकणात संशोधनाला निघालेल्या मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.साठी कोकणातलं एखादं मच्छीमार गाव निवडून जे विद्यार्थी माझ्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा प्रश्नावलीचा असतो. प्रश्न किती ठेवू? माणसं किती घेऊ? मी त्यांना आधी भरतीची वेळ काढायला शिकवते. किनाऱ्यावर ज्याला बोलायला फुरसत असते तो माणूस आणि आपल्याला हवं ते ज्याला ठाऊक असतं तो माणूस, हे दोघे सहसा वेगळे असतात. सकाळी अकराच्या एसटीने उतरलात की पारावर भेटतील निवृत्त गुरुजी, सोसायटीचे माजी चेअरमन आणि मुंबईहून सुट्टीवर आलेले चाकरमानी. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, रात्रभर समुद्रात होता, तो आता झोपलाय. मासळी विकणारी बाई पाटी घेऊन तालुक्याच्या बाजाराला गेलीय. त्यांची गाठ पडायची तर आपल्याला आपलं घड्याळ बदलावं लागतं. पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं या एका अडचणीभोवतीच फिरतं.

माझं स्वतःचं पहिलं फील्डवर्क रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर झालं. पहिल्या तीन आठवड्यांत दोनशे पानी वही भरली होती. गाईडनी ती शांतपणे चाळली आणि एवढंच म्हणाले, "यात एकाही बाईचं वाक्य नाही." खरंच नव्हतं. मी मासळीच्या व्यवहारावर काम करत होते आणि मासळीचा पैसा रोज ज्यांच्या हातांतून फिरतो, त्यांच्याशी धड एकदाही बोलले नव्हते. त्या वेळेला त्या बाजारात असायच्या, मी पारावर.

ही चूक जुनीच आहे. आर. ई. एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सामग्री मुळात ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली, आणि जमवली ती प्रश्नावल्या पाठवून. उत्तरं लिहून धाडली गावोगावच्या शाळामास्तरांनी, त्यामुळे पानोपानी हवाला दिसतो तो मास्तरांचा. त्या नोंदी आजही मोलाच्या आहेत, मी वरचेवर उघडते. पण समुद्राविषयी, भुताखेतांविषयी, देवीच्या कोपाविषयी तिथे जे आहे ते मास्तरांच्या अक्षरातून आलेलं आहे. कोळणीला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते त्यात सापडत नाही.

आधी प्रश्न लहान करा

"कोकणातील मच्छीमार समाजाचे सांस्कृतिक जीवन" असा विषय घेऊन कुणी आलं की मी तो परत पाठवते. एवढ्या विषयाला जन्म पुरत नाही, आणि गावात कुणाला समजावूनही सांगता येत नाही. प्रश्न असा हवा की जाळं शिवत बसलेल्या माणसाने "काय बघायला आलीस?" असं विचारलं तर एका वाक्यात उत्तर देता यावं. लिलावात उधारी कुणाला मिळते? रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या, मासळीचे वाटे कसे पडतात? पालखी कुणाच्या दारात किती वेळ थांबते? रत्नागिरीच्या बोटींवर काम करणारे नेपाळी खलाशी गाव कशाला म्हणतात, बंदराला की मागे राहिलेल्या घराला? यांतला कुठलाही एक प्रश्न नीट धरला तर नातेसंबंध, जात, पैसा, देव हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

गाव ठरवताना एक भान ठेवा. मच्छीमार म्हणजे कोळी, असं समीकरण घेऊन जाऊ नका. मुंबई-रायगडकडे सोनकोळी, रत्नागिरीत खारवी, भंडारी आणि दालदी मुसलमान, सिंधुदुर्गात गाबीत, शिवाय प्रत्येक ठिकाणी आणखी कुणी ना कुणी मासेमारीवर जगणारे. सिनॉप्सिसमध्ये सरसकट "कोळी" लिहून गाबीतवाड्यात गेलात तर तिथली माणसं तोंडावर काही बोलणार नाहीत. तुम्हाला आपल्याबद्दल काहीच माहीत नाही हे मात्र पहिल्या दिवशीच ओळखतील.

जाण्याआधीचं वाचन

ब्रिटिश सरकारने काढलेली जिल्ह्यांची दोन माहितीपुस्तकं, म्हणजे गॅझेटियर, हाताशी असू द्या: रत्नागिरी आणि सावंतवाडीचं १८८० चं, कुलाबा आणि जंजिऱ्याचं १८८३ चं. जातींची वर्णनं वाचताना ती साहेबाच्या कारभाराच्या सोयीने लिहिलेली आहेत हे विसरू नका. बंदरं, होड्यांचे प्रकार, व्यापार यांची माहिती मात्र फार कामाची. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचं नात्यांवरचं काम वाचल्याशिवाय मराठी गावात वंशावळ काढायला बसू नये, असं माझं ठाम मत आहे. मराठी मुलुखात उत्तरेची आणि दक्षिणेची नातेपद्धत एकमेकींत कशी मिसळते, हे त्यांनी दाखवलं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राला आकार देणारे गो. स. घुर्ये तर मालवणात जन्मलेले (१८९३). त्यांची मतं आज जशीच्या तशी पटणार नाहीत, तरी वाचायला हवीत.

आणि जमीन. किनाऱ्यावरचं गाव समुद्राकडे तोंड करून असलं तरी त्याचा इतिहास जमिनीत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं, अलिबागजवळच्या चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप चालवला, कायदा झाला तो १९४९ साली. खोताचं घर कुठलं, कुळं कुठली, मच्छीमारांची घरं कुणाच्या जागेत उभी होती, हे आजही वाड्यांच्या बोलण्यात येतं. सातबारा आणि जुने फेरफार पाहून ठेवा, पण गावात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याविषयी विचारू नका. जमिनीचं विचारणारा माणूस कोकणात एकतर दलाल असतो नाहीतर प्रकल्पाचा.

पंचांग आणि भरती

वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवर बेतलंत तर फसाल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी असते. मे संपता संपता बोटी किनाऱ्याला लागतात, शाकारल्या जातात, आणि दोन महिने माणसं घरी असतात. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा, मग गणपती, आणि गाव चाकरमान्यांनी भरून जातं. थंडीत जत्रा, फाल्गुनात शिमगा. ज्यांना सणांवर काम करायचंय त्यांनी तारखा आधीच पक्क्या करू नयेत. आंगणेवाडीच्या जत्रेसारखी मोठी जत्रासुद्धा कॅलेंडरवरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. परतीचं तिकीट उशिराचं काढा.

रोजचं घड्याळ भरतीचं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. प्रत्येक बंदरात थोडा फरक पडतो, तो तिथल्या माणसांकडून समजून घ्यायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाण्याला ओढ जास्त, भांगाला कमी, आणि त्यावर कुठलं जाळं टाकायचं हे ठरतं. तेव्हा "उद्या दहा वाजता भेटू" असं कुणाला म्हणण्याआधी उद्याची तिथी पाहा. हा हिशोब चार लोकांत तोंडी करून दाखवलात तर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलायला लागतो. मी हे अनेकदा अनुभवलंय.

राहायचं कुठे, विचारायचं कुणाला

विभागाचं पत्र मराठीत करून घ्या, एका पानाचं. ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक, मग पोलीस पाटील, मच्छीमार सहकारी सोसायटी, मोहल्ल्यात काम असेल तर मुसलमानांच्या जमातीचे अध्यक्ष. एवढं कागदोपत्री. गावाची खरी परवानगी मात्र गावकीच्या नाहीतर वाडीच्या बैठकीत मिळते, आणि पुष्कळ गावांत मुंबईतल्या मंडळाला विचारल्याशिवाय ती पक्की होत नाही. लालबागला, भांडुपला, नालासोपाऱ्याला कुठे ना कुठे त्या गावचं मंडळ असतंच. गावी जाण्याआधी एका रविवारी त्यांच्या सभेला जाऊन या. चाकरमानी ही कोकणातल्या गावाची अर्धी बाजू आहे, तिला नंतर भेटायचं ठेवू नका.

राहण्याची जागा हा यातला सगळ्यात नाजूक भाग. गाव वाड्यांचं बनलेलं असतं: खारवीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, वर डोंगराकडे कुणबीवाडी. ज्या वाडीत पथारी टाकाल त्या वाडीचे तुम्ही, असं गाव धरून चालतं. माझा एक विद्यार्थी सिंधुदुर्गात रापणकरांवर काम करायला गेला आणि सोय चांगली म्हणून एका पर्ससीन बोटीच्या (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढा घालणाऱ्या यांत्रिक बोटीच्या) मालकाकडे राहिला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं धुमसतोय. दीड महिना रापणीवर त्याच्याशी सगळे गोड बोलले, आणि कामाचं काहीच बोलले नाहीत. जागा बदलली, एका रापणकराच्या पडवीत आला, तेव्हा कुठे हाताला दोरी मिळाली. बदलतानाही आधीच्या यजमानांचं मन राखावं लागलं, कारण त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

खर्चाचं पहिल्या दिवशी बोलून घ्या. "पैसे कसले घ्यायचे?" असं उत्तर येईल. तरीही महिन्याचं धान्य, तेल, चहा-साखर भरत जा. मासे खात नसाल तर तेही पहिल्या जेवणाआधी सांगा. पानात वाढलेली मासळी बाजूला सारणं यजमानिणीला फार लागतं.

पहिला पंधरवडा: मुलाखत नको

रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. चाला. गावाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढा: विहिरी, देऊळ, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, बर्फाचा कारखाना, जेटी, मासळी सुकवायच्या जागा, मुक्कामाची एसटी कुठे उभी राहते ती जागा. मग घरयादी. "कुटुंबात किती माणसं?" असं विचारू नका, उत्तरात मुंबईतला मोठा मुलगा असतो आणि मागच्या खोलीतली विधवा आत्या नसते. "या चुलीवर किती जणांचं रांधता?" असं विचारा. उत्तर नेमकं येतं, आणि ते देते ती बाई.

नकाशा दुपारी काढू नका. भल्या पहाटे बोटी लागतात तेव्हा एकदा, आणि संध्याकाळी एकदा, असा दोनदा काढा. तीच पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, सकाळी बाजार असते, दुपारी खळं आणि रात्री पोरांचं क्रिकेटचं मैदान.

लिलावात उभं राहायला शिका

दापोली तालुक्यातल्या हर्णैचा लिलाव नव्या विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावा. बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी किनाऱ्याला आणतात, वाळूत ढीग लागतात आणि बोली सुरू होते. तिथे बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी ओढताना मी पाहिल्यात. पण पाहणं आणि नोंद करणं यांत फरक आहे, म्हणून माझ्या बंदरावरचं एक उदाहरण सविस्तर देते.

बांगड्याच्या पाट्या ओळीने मांडलेल्या. एका बाईने वाकून वरचा नाही, तळाचा बांगडा ओढून काढला, कल्ला अंगठ्याने उघडला, आतला लाल रंग पाहिला आणि परत ठेवला. भाव चढत गेला. ती काही बोलली नाही, फक्त पाटीच्या काठावर हात ठेवला. लिलाव पुकारणाऱ्याने तिच्याकडे न बघताच तिचं नाव घेतलं आणि शेजारच्या पोराने वहीत ओढली एक रेघ. पैसे दिले-घेतले गेले नाहीत. पुढच्या पाटीला दुसरी बाई. तिच्याकडे मात्र पुकारणाऱ्याने तिथल्या तिथे नोटा मागितल्या.

मी काही विचारलं नाही. चार संध्याकाळी तिथेच उभी राहून एवढंच लिहीत गेले, रेघ कुणाला आणि रोख कुणाला. पाचव्या दिवशी, मासळी विकून एसटीने परत येताना, पहिल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "सासूचं खातं व्हतं त्याच्याकडं. ती गेली, मग माज्या नावावर लागलं." उधारीची पत सासूकडून सुनेला वारशाने आली होती, घरातल्या पुरुषांच्या वाटेला न जाता. हे मला पारावर कुणी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, पारावरच्यांना ते माहीतच नव्हतं. माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

त्यावरून पुढच्यांना सांगते ती पद्धत अशी: आधी पाहा, मग मोजा, मग विचारा. आणि विचारायचं ते काम चालू असताना नाही, काम उरकून माणूस परतीच्या वाटेवर असताना. एसटीतला पाऊण तास, तरीतून, म्हणजे खाडीवरच्या होडीतून, पलीकडे जातानाची दहा मिनिटं, मासळी उन्हात पसरून झाल्यावर सावलीत टेकलेली बाई. तिथे बोलणं होतं.

रापणीवर काम करणाऱ्यांनी नुसतं पाहू नये, दोरीला हात लावावा. जाळं ओढायला लागेल त्याला वाटा, हा रापणीचा रिवाज. तुमच्याही पुढ्यात चार मासे येतील. ते नाकारू नका, आणि ते कुणी, कुठल्या क्रमाने, काय म्हणत दिले ते रात्री लिहून ठेवा.

बोली, नाती आणि वंशावळ

प्रमाण मराठी सगळ्यांना कळते म्हणून मुलाखती तीत घेऊ नका. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळ्यांची बोली, मोहल्ल्यातली कोकणी, प्रत्येकीत समुद्राचे शब्द वेगळे. तुम्हाला बोलता आली नाही तरी चालेल, माणसाला तिच्यात बोलू द्या. आणि लिहिताना शब्द ऐकू आला तसाच लिहा. विद्यार्थी "मतलई" ऐकतात आणि वहीत "पूर्वेचा वारा" लिहितात. तिथेच माहिती मेली. शेवटी शब्दांची वेगळी यादी करा, तिला प्रबंधाच्या कुठल्याही प्रकरणाइतकंच मोल येतं.

वंशावळ काढताना मोठा कागद जमिनीवर पसरा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. पुरुष वर बापाच्या बाजूने चार पिढ्या सांगतील, बाई आडवी जाईल: कुठली मुलगी कुठल्या बंदराला दिली, कुणाची मामेबहीण करून आणली, कुणाचं देवक जुळलं नाही म्हणून सोयरीक मोडली. मच्छीमार गावांच्या नात्यांचं जाळं आडवं पसरलेलं असतं, एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत, आणि ते बायकांच्या बोलण्यातच सापडतं. दुसऱ्या रंगाच्या पेनने बोटी जोडा: कुणाच्या बोटीवर कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा. कागदावर मग भावकीखेरीज दुसरंच काहीतरी दिसायला लागतं.

समुद्रात गेलेल्या माणसांची नावं त्या कागदावर येणारच. कुणी गप्प झालं की पेन खाली ठेवायचं आणि त्या दिवशी पुन्हा उचलायचं नाही.

देव, मान आणि पालखी

"गावात मानकरी कोण?" हा प्रश्न सरळ विचारू नका. मानावरून कोर्टकज्जे झालेली गावं कोकणात कमी नाहीत. शिमग्यात पालखीच्या मागे चाला आणि घरांचा क्रम लिहा, बस. पहिलं घर कुठलं, कुठे पालखी खाली टेकवतात आणि कुठे नुसती दारावरून नेतात, खांदा कुणाचा, ओटी कुणाची, गाऱ्हाणं कोण घालतो, कुठल्या वाडीत पालखी जात नाही किंवा अलीकडेच जायला लागली. गावाने स्वतःबद्दल वर्षानुवर्षं जे ठरवत आणलंय ते त्या क्रमात असतं. सिंधुदुर्गात बारा-पाच मानकरी आणि गावऱ्हाटी, म्हणजे देवस्थान आणि मानपान चालवायची गावची जुनी रीत, यांचं म्हणणं आणखी वेगळं, त्यासाठी एक अख्खा शिमगा नुसता ऐकण्यात घालवला तरी वाया जात नाही.

गुरव कौल लावत असताना मोबाईल काढायचा नाही. आधी विचारलं असेल आणि होकार मिळाला असेल तरी लोक देवाशी आपल्या घरातलं दुखणं बोलत असतात हे ध्यानात ठेवा.

मुलींसाठी दोन गोष्टी. बऱ्याच ठिकाणी मासेमारीच्या बोटीवर बाईला घेत नाहीत. त्यावरून वाद घालण्यापेक्षा बोट सुटताना आणि लागताना किनाऱ्यावर असा, निम्मं काम तिथेच चालतं. देवळाच्या गाभाऱ्याबाबत, पाळीबाबत यजमानिणीला आधीच मोकळेपणी विचारा. ज्या मुलांना बोटीवर जायला मिळेल त्यांनी लाईफ जॅकेट आणि ओळखपत्र घेतल्याशिवाय पाय उचलू नये, आणि कुठल्या बोटीने गेलोय ते किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जावं.

वही

खिशात लहान वही, त्यात फक्त खुणेचे शब्द. रात्री त्यावरून सविस्तर नोंद, झोपण्याआधी, कितीही दमलात तरी. दिवसभराच्या कामाला रात्रीचे दोन तास लागतात. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद ही आठवणीची नोंद असते, घडलेल्याची नव्हे. स्वतःचा राग, कंटाळा, घरची आठवण यांसाठी तिसरी वही निराळी ठेवा. मानवशास्त्रज्ञ मॅलिनॉस्की यांची ट्रोब्रिअंड बेटांवरची खासगी डायरी ते गेल्यानंतर १९६७ साली छापली गेली आणि आपल्या विषयात मोठी खळबळ माजली. तेव्हा ती वही कुठे ठेवायची याचाही विचार करा.

पावसाळ्यात राहणार असाल तर कागदाला बुरशी लागते. वह्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत पेन्सिली, कारण शाई फुटते. वीज जाते तेव्हा ती दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगची प्रत जमेल तेव्हा दुसऱ्या ठिकाणी टाकत जा. किनाऱ्यावर वारा माईकमध्ये घुमतो, माईकवर पातळ फडकं बांधा. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला पाच-सहा तास लागतात, म्हणून प्रत्येक गप्पा रेकॉर्ड करू नका. रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, कोकणात फुरसं, हा विषारी साप, वाटेवरच बसलेलं असतं.

संमती आणि गुपित

विद्यापीठाच्या नीतिसमितीचा फॉर्म भरावा लागतो, तो भरा. पण बंदरावर सहीचा कागद पुढे केलात की माणूस दचकतो. सह्या घेणाऱ्यांनी इथे याआधी पुष्कळ काही नेलंय. तोंडी संमती घ्या, दोन साक्षीदारांसमोर, त्यांच्या बोलीत. काय लिहिणार, कोण वाचणार, नको असेल तर कधी थांबवता येईल, हे सगळं सांगून. आणि ती एकदाच घेऊन भागत नाही. दोन महिन्यांनी माणसं तुम्हाला घरचं समजून बोलायला लागतात, तेव्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते की मी हे लिहितेय.

नाव बदलल्याने माणूस लपत नाही. "तीन बोटींची मालकीण असलेली विधवा" असं लिहिलंत की तालुका तिला ओळखतो. मी अशा वेळी दोन व्यक्तींचे तपशील वेगवेगळ्या ठिकाणी वाटून टाकते, किंवा तो तपशील सोडूनच देते, कितीही हळहळ वाटली तरी.

त्याहून गंभीर एक गोष्ट. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचं नियमन करणारा कायदा १९८१ चा आहे, २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन दंड जबर झाले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. कोण दिवे लावून गेलं, कोण बंदीच्या काळात गेलं, कुणाचा परवाना नाही, हे गावात राहिल्यावर तुम्हाला कळणारच. ते नावानिशी वहीत लिहिलंत तर ती वही कुणाच्या तरी विरुद्धचा पुरावा होते. मी असल्या नोंदी नावाशिवाय, तारखेशिवाय करते, आणि आपल्या विद्यार्थ्यांनीही तसंच करावं असा माझा आग्रह असतो. तुमच्या प्रबंधापेक्षा त्या माणसाची बोट मोलाची आहे.

परत जाताना, आणि परत येताना

निघायच्या आधी उधारी फेडा. किराणा, चहाची टपरी, कुणाकडून आणलेलं पुस्तक. काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती घरोघर द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो फोन बदलला की जातो, छापलेला भिंतीवर लागतो. निघतोय हे सगळ्या वाड्यांत जाऊन सांगा. न सांगता गेलेल्या संशोधकाचं नाव गाव लक्षात ठेवतं आणि त्याचा त्रास पुढच्या विद्यार्थ्याला होतो.

प्रबंधाचा मसुदा झाला की त्यातली दहा-पंधरा पानं साध्या मराठीत उतरवा आणि जुलैत गावात न्या. बंदी असते, पाऊस लागलेला असतो, पडवीत जाळी शिवायला माणसं बसलेली असतात. एरवी ज्यांची गाठ पडत नाही ते तांडेल, खलाशी, बाजाराला न गेलेल्या बायका, सगळे त्या दोन महिन्यांत घरी असतात. वाचून दाखवा, हळू, आणि पेन हातात ठेवा. माझ्या वेळी उधारीच्या प्रकरणाशी पोचल्यावर जाळ्याच्या पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "ह्यातली दोन खाती चुकलीत, लिव." मी लिहायला लागले तोवर शेजारची म्हणाली, दोन नव्हे, तीन.